चार नंबरचं बूच

बैलाच्या डाव्या कुशीला कान लावायचा आणि एक बोट वर करायचं. बोट वर आहे तोवर गोठ्यात कुणी बोलायचं नाही. डॉक्टर असो, डायरेक्टर असो, नियम सगळ्यांना एकच. एका डायरेक्टरांना ऐन वेळी खोकला आला आणि तो गिळता गिळता त्यांचे डोळे पाण्यानं भरले, हे मी स्वतः पाहिलं आहे. मिनिटभरानं बोट खाली यायचं आणि आमच्या बैलांचं शेणपाणी करणारे ते म्हणायचे, "चालू हाय."

म्हणजे बैलाचं पोट चालू आहे. धडधाकट बैलाचं मोठं पोट मिनिटाला एक-दोनदा आतल्या आत घुसळलं जातं आणि लांबवर पुलावरून गाडी जावी तसा आवाज येतो. तो ऐकायला आमच्या डॉक्टरांकडे विलायती नळी होती. पण नळी लावून झाल्यावर तेही यांच्याकडे बघून विचारायचे, "इनका क्या कहना है?" मग हे कान लावायचे.

छप्पन सालच्या आगेमागे मी हैदराबादेत सरकारी पशुखात्याच्या एका लहानशा शाखेत कारकून होतो. जनावर खातं किती, त्यातलं अंगी किती लागतं आणि वाया किती जातं, हे शोधून काढणं हे आमचं काम. बैल सहा. त्यांना कडबा तोलून घालायचा, मागून आलेलं शेण तोलून घ्यायचं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. वजाबाकी माझ्याकडे होती, शेण त्यांच्याकडे. पगार अर्थातच वजाबाकीला जास्त होता.

गोठा दिलसुखनगरच्या बाजूला होता. आज तिथे क्लासच्या पाट्यांमागे आभाळ दिसत नाही. तेव्हा नुसती रानं होती आणि मी जामबागेतून सायकल हाणत जायचो. मी गेलो की ते बादली खाली ठेवून म्हणायचे, "या भाऊसाहेब." त्यांना आज मी 'ते' म्हणतोय. तेव्हा 'अरे' म्हणत होतो, आणि वयानं ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. त्यांच्या हातचा चहा मी पहिल्यांदा कधी प्यालो तो दिवस मला लख्ख आठवतो. त्याआधी पीत नव्हतो हे तुम्ही ओळखलंच असेल.

आमच्या शाखेची खरी शान म्हणजे चार नंबरचा बैल. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या डाव्या कुशीत बशीएवढं भोक पाडलं होतं आणि पोटाची कड कातड्याला शिवून टाकली होती. जखम केव्हाच भरली होती. त्या भोकाला एक जाडजूड रबरी बूच. बूच काढलं की हात थेट बैलाच्या पोटात, आणि बैल मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी पोट असल्यासारखा निवांत रवंथ करत उभा. बघायला लोक लांबून यायचे. हे त्याला 'गडी' म्हणायचे. रेशमी पिशव्यांत चिमूट चिमूट कडबा भरून ते गड्याच्या पोटात सोडायचे आणि दोन दिवसांनी बाहेर काढून किती विरघळला ते बघायचं, असा प्रयोग चाले.

"माझ्या बायकोला रेशीम न्हाई," ते एकदा हात कोपरापर्यंत आत घालून म्हणाले, "गड्याच्या पोटाला हाय."

एकदा कॉलेजचे विद्यार्थी आले. डॉक्टर इंग्रजी पुस्तक उघडून सांगत होते की बैलाला पोटाचे चार कप्पे असतात. घाईघाईनं गिळलेला चारा पहिल्यात साठतो, परत तोंडात येतो, चावून झाला की पुढे सरकतो. तिसऱ्या कप्प्यापाशी डॉक्टर अडले. पुस्तकातलं चित्र पुसट होतं. हे मागून म्हणाले, "ते पानापानाचं पोट साहेब. वहीगत. पानं मोजून शंभराच्या आसपास भरतेत. त्याच्या आधीचं मधाच्या पोळ्यावानी. खिळा गिळला तर त्यात सापडतो." विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतलं. वहीगत पोटाची पानं मोजलेल्या त्या माणसानं शाळेची वही कधी धरली नव्हती.

हे ज्ञान कुठून आलं ते त्यांनी मला चहा सुरू झाल्यावर सांगितलं. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात कुणाचंही जनावर मेलं की ओढून न्यायला, सोलायला, फाडायला त्यांच्याच घराला हाक यायची. दहाव्या वर्षापासून ते त्यात होते. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, अंगाला हळद असताना, त्यांना मांडवातून उठवून पाटलाचा मेलेला बैल ओढायला नेलं. आठवड्याभरात ते बायकोला घेऊन हैदराबादेत आले.

"त्या दिवशीच म्हटलं, मेलेल्या ढोरामागं पुन्हा जायचं न्हाई," ते म्हणाले. "गावात मेल्या ढोराच्या पोटात हात घातला की लोक शिवत नव्हते. हितं जित्या ढोराच्या पोटात हात घातला की सरकार पगार देतं. आपलं ह्येच बरं."

लोक शिवत नव्हते यावर मी मान हलवली आणि कपात बघत राहिलो.

शेजारी एक गवळी होता. त्याच्या म्हशीनं रवंथ सोडला, चारा सोडला, दुभती म्हैस काडी झाली. गवळी देवाला जाऊन आला, दोन वैद्य आणून झाले, शेवटी आमच्या कुंपणाशी उभा राहिला. यांनी गड्याचं बूच काढलं, आतला हिरवट रस फडक्यातून गाळून बाटलीत भरला आणि नळकांड्यानं म्हशीच्या घशात ओतला. बैलाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, चारा खरा तेच पचवतात; म्हशीच्या पोटातले ते मेले होते, ते उसने दिले. तिसऱ्या दिवशी म्हैस रवंथ करायला लागली. गवळी खूश होऊन लोटाभर ताक घेऊन आला आणि त्यानं ते यांच्या ओंजळीत वरून ओतलं. लोटा लागू नये म्हणून हात चांगला उंच धरला होता.

ताक पिऊन झाल्यावर हे तोंड पुसून मला म्हणाले, "म्हशीला उष्टं चाललं."

आणि तो पुढाऱ्यांचा दिवस. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे तोवर पक्कं झालं होतं. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, उरलेला आणि आम्ही आंध्राकडे. जाण्यापूर्वी प्रत्येक पुढाऱ्याला काहीतरी बघून घ्यायचं होतं. एकजण आमचा बैल बघायला आले आणि येताना गड्यासाठी टोपलीभर भिजवलेला गहू आणि गुळाची ढेप घेऊन आले.

"साब, नक्को," हे म्हणाले. "उसकू आदत नहीं है."

"गरीब का बैल है, एक दिन तो खाने दो," पुढारी म्हणाले. फोटो निघाले. डॉक्टरही फोटोत उभे राहिले, कारण त्यांच्या बढतीची फाईल याच पुढाऱ्यांकडे होती.

गोठ्यापुढच्या मांडवात भाषण रंगात आलं असताना गड्याची डावी कूस ढोलासारखी फुगली. त्याला मोकळ्यावर आणणं भाग होतं आणि मोकळं फक्त मांडवाच्या बाजूला होतं. यांनी त्याला तिथे उभं केलं, बोट वर केलं, कान लावला. या खेपेला 'चालू हाय' आलं नाही. त्यांनी बूच ओढलं. आंबलेला गहू, गूळ आणि वारा जो सुटला तो थेट व्यासपीठावर. पुढारी एकात्मतेवर बोलत होते, ते वाक्य तसंच राहिलं.

गडी वाचला. संध्याकाळी त्याची कूस चोळत ते मला समजावत होते. "पोटातल्या बारीक जिवांना खाणं एकदम बदललेलं चालत न्हाई, भाऊसाहेब. निम्मे मरतेत. जुन्यात थोडं नवं, मग थोडं आनखी, असं धा दिवस मिसळावं लागतं. तवा कुठं नवं अंगी लागतं." मग म्हणाले, "मानसाला एका रातीत नवं राज्य द्यालेत. बैलाला धा दिवस लागतेत."

मग वाटण्या सुरू झाल्या. सरकारनं मालमत्तेसाठी दोन समित्या नेमल्या, एक जिवंत मालाची, एक निर्जीव मालाची. दोन्ही शेजारशेजारच्या खोल्यांत बसायच्या आणि मधलं दार बंद असायचं. सहा बैल, तीन राज्यं. भागाकार इतका सोपा की जिवंत समितीनं तो चहा येण्याआधीच उरकला. चार नंबर मराठवाड्याच्या वाट्याला आला. ज्या सरकारी फार्मवर त्याला पाठवायचं होतं, ते यांच्या गावापासून चार कोसांवर होतं.

निर्जीव मालाची यादी मी केली होती. वजनकाटे, बरण्या, नळ्या, रबरी बूच एक नग. रजिस्टरात बूच बरण्यांच्या पानावर होतं, मी ते तसंच उतरवलं. आता हसू येतं, पण कारकुनाचं सगळं पुण्य जसंच्या तसं उतरवण्यातच असतं. निर्जीव समितीनं बरण्यांचं अख्खं पान हैदराबादला ठेवलं. बैल एका राज्यात आणि त्याच्या पोटाचं झाकण दुसऱ्या राज्यात.

डॉक्टर बढतीवर निघून गेले होते. समितीपुढे हेच उभे राहिले, मी कागद धरून मागे.

"बूच किसका है?" समितीच्या साहेबांनी विचारलं.

"बैल का है, साब."

"बैल छे हैं. बूच एक. बाकी पाँच बूच कहाँ गए?"

"बाकी पाँच कू सूराख नहीं है, साब."

साहेबांनी चष्मा काढला. "सरकारी बैल को सूराख किया किसने? इजाजत कहाँ है?"

भोक पाडायची परवानगी शोधण्यात पुढचे तीन आठवडे गेले. ती उर्दूत होती, तिचं इंग्रजी करून आणायला सांगितलं, इंग्रजी आलं तोवर भाषांतर करणारा कारकून म्हैसूरच्या वाट्याला गेला होता. शेवटी निर्णय झाला: बैलानं ठरल्या वॅगननं निघावं, बूच प्रकरण निकालात निघेपर्यंत इथेच जमा राहावं, निकाल अनुकूल लागल्यास मागाहून पार्सलनं पाठवावं. बूच नसेल तर गड्याच्या पोटात वारा शिरणार, आतला रस वाळणार, बारीक जीव मरणार आणि पाठोपाठ गडी. हे मी त्या साहेबांना लेखी कळवलं. त्यांनी कागदावर 'पाहिलं' असं लिहिलं.

बैल निघायच्या आदल्या दिवशी हे माझ्या टेबलाशी आले. खुर्चीवर कधी बसत नसत, त्या दिवशी बसले.

"भाऊसाहेब, यादीत येवढं लिवा. बूच फाटलं, फेकून दिलं."

"अरे, खोटं कसं लिहू?"

"खोटं न्हाई. घाईचं. दोन-चार वर्सांत फाटंलच की."

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. मी तसं त्यांना सांगितलंही, आणि वर असंही म्हणालो की मागाहून पार्सल येईलच. ते म्हणाले, "बरं," आणि उठले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला आजही वाटतं की त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

जाता जाता त्यांनी माझ्या सायकलची जुनी ट्यूब मागितली. ती कोपऱ्यात टांगलेली होती. मी देऊन टाकली, कशाला म्हणून विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिकंदराबादच्या मालधक्क्यावर मी पावतीबुक घेऊन हजर होतो. त्यांनी स्वतःच बूच काढलं, बादलीत धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी पावती फाडली. मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक लाकडी बूच काढलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, रात्रभर तासून गुळगुळीत केलेलं, त्याच्याभोवती ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. ते त्यांनी गड्याच्या कुशीत बसवलं, दाबून पाहिलं आणि वॅगनमध्ये चढले. आत जुन्या कडब्याच्या चार पेंढ्या आधीच ठेवल्या होत्या.

बैलाबरोबर जायला खात्यानं एक पट्टेवाला नेमला होता. तो बैलाला शिंगाकडून घाबरायचा आणि चार नंबरला तर कुशीकडूनही. यांनी स्वतःची चार दिवसांची रजा टाकली होती. कुठल्या राज्यात राहणार हे विचारणाऱ्या नोकरांच्या पसंतीच्या कागदावर त्यांनी हैदराबाद लिहून दिलं होतं, पोरीनं शिकवलेली सही करून. पोरगी जामबागेतल्या मराठी शाळेत सहावीला होती.

"चार दिवसांत येशील ना?" मी विचारलं. "नाहीतर गैरहजेरी लागेल. नोकरीवर येईल."

"तिकडचा कडबा येगळा हाय, भाऊसाहेब. धा दिवस लागतेत."

"आणि गाव? चार कोसांवर आहे. तू तर म्हणाला होतास, पुन्हा जायचं नाही."

त्यांनी गड्याच्या कुशीवर तळवा ठेवला. "मेलेल्या ढोरामागं जायचं न्हाई म्हटलं होतं," ते म्हणाले. "हे जितं हाय."

चार दिवस झाले. पाचव्या दिवशी गैरहजेरीची नोटीस निघाली. ती मीच टाइप केली, जशीच्या तशी. बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, त्यांच्याच हातचं, पोरीनं गिरवून घेतलेलं थोरलं, वाकडंतिकडं अक्षर: 'गडी नवा कडबा खातो. चालू हाय. काढायचं तर काढा.' खात्यानं काढलं. तिकडच्या फार्मनं त्यांना रोजंदारीवर ठेवून घेतलं, कारण बुचाच्या बैलाला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बायको आणि मुलगी शाळेसाठी इथेच राहिल्या. गावची माणसं फार्मवर यायची तेव्हा त्यांनी या माणसाकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार मी करत असे आणि मग दुसरं काहीतरी काम काढत असे.

बूच माझ्या कपाटात राहिलं. पार्सलचा निकाल आला नाही. दर मार्चमध्ये पडताळणीला साहेब यायचे, साहेब बदलायचे, विचारायचे, "रबरी बूच, एक नग?" मी दाखवायचो, ते खूण करायचे. कशाचं बूच हे विचारणारं पुढे कुणी उरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एक तरुण बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होती. मराठी बोलता बोलता मधेच उर्दूत जायची.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "बाबा गेले मागच्या महिन्यात. सामानात हे निघालं. तुमच्याकडे द्या म्हणून सांगून ठेवलं होतं."

मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. गडी कधी गेला ते विचारलं.

"दोन साल पहले. तिकडे आठ वर्षं जगला. मेला तेव्हा फार्मच्या मॅनेजरनं बाबांच्याच भावकीला निरोप धाडला, ओढून न्या म्हणून. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं खड्डा खणला. दोन दिवस लागले. पुरला, आणि नोकरी सोडून घरी आले. मग बसूनच असायचे. माझ्या पोराच्या पोटाला कान लावायचे कधी कधी."

फडक्यात ते लाकडी बूच होतं. रसानं काळं पडलेलं, हाताळून काचेसारखं झालेलं. वरच्या पट्टीवर पंक्चरचं लाल ठिगळ होतं. ते मी ओळखलं, कारण जामबागेच्या चौकात उन्हात बसून ते मीच चिकटवलं होतं. आठ वर्षं गड्याच्या पोटात वारा शिरू दिला नाही त्यात माझं म्हणून एवढंच होतं, आणि तेही मी न विचारता दिलेलं.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. सरकारी बूच बाहेर काढलं. रबर कडक झालं होतं, वाकवताच मधोमध चिरलं, ते केराच्या टोपलीत टाकलं. मी रजिस्टरात बरण्यांचं पान काढलं आणि त्या ओळीपुढे लिहिलं: 'फाटलं. फेकून दिलं.' खाली सही केली. तेव्हा ते अगदी खरं होतं, त्यामुळे लिहायला काहीच धाडस लागलं नाही.